पुसण्यापूर्वीं पुसणें

मराठी भाषेंत ‘पुसणें’ या क्रियापदास दोन अर्थ आहेत. पाटीवरील अक्षरें ओल्या फडक्यानें काढून टाकणें, हेंही पुसणें. आणि ‘कोठें निघालांत?’ म्हणून वाटसरूस विचारणें, हेंही पुसणें. दुसरा अर्थ आतां रोजच्या बोलण्यांतून मागें पडला असला, तरी ज्ञानेश्वरींत तो जागोजाग भेटतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं टॅब्लेट म्हणून जी नवी काचेची पाटी आली आहे, तिनें हे दोन्ही अर्थ पुन्हां एकत्र आणले आहेत. तिच्यावरील एखादें चित्र, पत्र किंवा पाठ काढून टाकूं लागलें, कीं ती मध्येंच थांबून पुसते: ‘खरेंच पुसावयाचें काय?’ जुन्या दगडी पाटीनें असा प्रश्न कधीं केला नाहीं. गुरुजींनीं पाहण्यापूर्वीं गणित पुसलें गेलें, तर तें गेलें, आणि छडी बसली.

हा प्रश्न केव्हां घालावा, कोणत्या शब्दांत घालावा, आणि केव्हां मुळींच घालूं नये, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. आमच्या वरच्या इयत्तांतील कांहीं मुलें आतां स्वतः लहान लहान ॲप रचूं लागलीं आहेत. त्यांस याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. आणि पालकांस, निदान आपला कुटुंबाचा चित्रसंग्रह एका बोटानें कसा नाहींसा होतो, हें तरी कळेल.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गाची सहल शनिशिंगणापूरास गेली होती. अहिल्यानगराहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानें घोडेगांवापर्यंत जावें आणि तेथून आंत वळावें, म्हणजे सुमारें ३५ किलोमीटरांवर हें गांव लागतें. तालुका नेवासें, ज्या नेवाशांत शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तोच हा तालुका. शिंगणापुराची प्रसिद्धि दोन गोष्टींसाठीं आहे. एक, उघड्या चौथऱ्यावर छपराविना उभी असलेली शनीची काळी शिळा. आणि दुसरी, घरांस दारें न लावण्याची चाल. चौकटी आहेत, उंबरठे आहेत. परंतु पुष्कळ जुन्या घरांस दार, कडी व कुलूप नाहीं. शनि राखण करितो अशी गांवकऱ्यांची श्रद्धा आहे. २०११ सालीं यूको बँकेनें येथें शाखा उघडली, तीही कुलुपाविना, म्हणून त्या वेळीं देशभरच्या वर्तमानपत्रांत तिची वार्ता आली होती.

मुलांनीं शाळेचे दोन टॅब्लेट बरोबर घेतले होते. परवानगी घेऊन चौकटींचीं छायाचित्रें काढावीं आणि वडीलधाऱ्यांचे चार शब्द ध्वनिमुद्रित करावे, असें काम त्यांस दिलें होतें. एका वृद्ध बाईंनीं मुलांस ओटीवर बसवून घेतलें. एका मुलानें विचारलें, “आजी, मग रात्रीं कांहींच लावीत नाहीं का?” आजी म्हणाल्या, “लावितो की. फळी टेकून ठेवितो. पण ती फळी कुत्र्यामांजरासाठी, बाळा, माणसासाठी नव्हं.” पुढें बोलतां बोलतां त्यांनीं जात्यावरच्या दोन ओव्याही म्हटल्या. मुलें इतकीं शांत बसलेलीं आम्हीं वर्गांत क्वचितच पाहिलीं आहेत.

परतीच्या वाटेवर, बसमध्यें, टॅब्लेटनें जागा संपल्याची सूचना दिली. ज्या मुलाच्या हातीं तो होता, त्यानें हललेलीं चित्रें काढून टाकावयाचें ठरविलें. सहा चित्रें निवडावयाचीं होतीं. बोट ‘सर्व निवडा’ वर पडलें. प्रश्न आला, मुलानें ‘ठीक आहे’ दाबलें. चौसष्टच्या चौसष्ट चित्रें गेलीं. त्यापूर्वीं ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्येंही त्यानें अशीच सफाई केली होती. तेथें आजींचें बोलणें व त्यांच्या ओव्या गेल्या. मुलगा रडकुंडीस आला. आम्हीं विचारलें, “अरे, त्यानें तुला विचारलें नाहीं का?”

“विचारलें, सर.”

“मग वाचलें नाहींस का?”

त्यानें खालीं मान घालून उत्तर दिलें, “सर, तें नेहमींच विचारतें.”

या उत्तरावर रागावणें आम्हांस शक्य झालें नाहीं. कारण तें अगदीं खरें होतें. घरीं आल्यावर आम्हीं स्वतःच एक दिवस मोजून पाहिलें. जुनी सूचना काढतांना प्रश्न, रिकामें पान काढतांना प्रश्न, ॲपमधून बाहेर पडतांना प्रश्न. आणि संध्याकाळपर्यंत त्यांतील एकही आम्हीं शेवटपर्यंत वाचला नव्हता. वडीलधाऱ्यांची ही स्थिति, तर मुलांस काय म्हणावें!

सवयीचा धर्मच असा आहे. पहिल्या दिवशीं मनुष्य प्रश्न वाचतो, विचार करितो, मग ‘होय’ म्हणतो. दहाव्या दिवशीं तो नुसता पाहतो. विसाव्या दिवशीं ‘काढा’ आणि ‘होय’ या दोन क्रिया राहतच नाहींत. त्यांची मिळून एकच जोडक्रिया होते, आणि बोट ती आपोआप उरकतें. ज्यांनीं १९७९ सालीं ॲपल कंपनींत मॅकिंटॉश संगणकाची योजना सुरू केली, त्या जेफ रॅस्किन यांनीं ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या आपल्या २००० सालच्या ग्रंथांत हीच गोष्ट शास्त्रीय रीतीनें मांडली आहे. ज्या प्रश्नाचें उत्तर जवळ जवळ नेहमीं एकच असतें, तो प्रश्न लवकरच त्या क्रियेचाच भाग बनतो, आणि त्याची राखण संपते. अशा वेळीं अक्षरें मोठीं केलीं, रंग लाल केला, किंवा दोनदां विचारलें, तरी लाभ थोडा. दुसऱ्या प्रश्नाची सवय लागावयास आणखी चार दिवस लागतील, इतकेंच.

आपल्याकडे याचें एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. लग्नांत मंगलाष्टकांच्या शेवटीं ‘सावधान’ असें म्हणतात. शब्दाचा अर्थ स्पष्ट आहे. वेळही योग्य आहे, कारण पुढें जें घडावयाचें, तें सहज मागें घेतां येत नाहीं. परंतु तो ऐकून सावध कोण होतो? मांडवांतील मंडळी अक्षता टाकण्यास हात उचलतात, एवढाच त्याचा परिणाम. जांबगांवच्या नारायणानें मात्र तो शब्द खरा मानला आणि बोहोल्यावरून पाय काढला. तेच पुढें समर्थ रामदास झाले, असें परंपरा सांगते. शतकानुशतकें एवढीं लग्नें लागलीं. पण ‘सावधान’ ऐकून खरोखर थबकलेला पुरुष म्हणून सर्वांस एकच नांव आठवतें. सूचना नेहमींची झाली, कीं तिचा मंत्र होतो. आणि मंत्र ऐकतात, त्यावर विचार करीत नाहींत.

मग हा प्रश्न सर्वथा निरुपयोगी आहे काय? तसें नाहीं. त्यासाठीं चुकांचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९८८ सालच्या आपल्या ग्रंथांत ते वेगळे करून दाखविले आहेत. पहिली हाताची चूक. करावयाचें होतें एक, हातून झालें दुसरें. जसें, चित्र उघडावयाचें होतें, पण बोट घसरून ‘काढा’ वर पडलें. दुसरी समजुतीची चूक. हातानें मनाप्रमाणेंच केलें, पण मनाची समजूतच चुकली होती; जसें, हींच चित्रें दुसऱ्या टॅब्लेटवर आहेत असें समजून तीं काढून टाकलीं.

आजींची फळी येथें आठवावी. फळी कुत्र्यास अडविते, कारण कुत्रें सहज भटकत येतें. तिला कांहीं ठरवून आंत शिरावयाचें नसतें असें नाहीं, पण अडथळा लागला कीं तें परत फिरतें. ठरवून येणारा मनुष्य फळी बाजूस सारतो. खात्रीचा प्रश्न ही तशीच टेकलेली फळी आहे. चुकून लागलेल्या बोटास ती अडविते, आणि तेवढ्यापुरती ती उपयोगीच आहे. परंतु ज्याच्या मनानें आधींच ठरविलें आहे, त्यास ‘खात्री आहे का?’ असें विचारून काय मिळणार? त्यास खात्री असतेच. चूक त्या खात्रींतच असते.

याचा मोठा दाखला हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ रोजीं जगास मिळाला. तेथील आपत्कालीन खात्याच्या एका कर्मचाऱ्यानें, क्षेपणास्त्र येत असल्याची खोटी सूचना सर्व लोकांच्या मोबाइलवर पाठविली. पाठविण्यापूर्वीं संगणकानें त्यास ‘खरेंच पाठवावयाची काय?’ असें विचारलें होतें, आणि त्यानें होकार दिला होता. कारण चालू असलेला सराव त्यास खरा हल्ला वाटला होता. सरावासाठीं आणि खऱ्या संकटासाठीं प्रश्नाचे शब्द सारखेच होते. याहूनही बोध घेण्याजोगी गोष्ट पुढील आहे. सूचना मागें घेण्याची तयार सोय नव्हती, म्हणून ‘ती चूक होती’ असें लोकांस कळवावयास ३८ मिनिटें लागलीं. तेवढा वेळ लक्षावधि लोकांनीं मरणाच्या भीतींत काढला. विचारण्याची सोय होती, सावरण्याची नव्हती!

म्हणून या विषयांतला पहिला नियम असा, कीं शक्य असेल तेथें प्रश्न न घालतां चूक सावरण्याची सोय ठेवावी. ॲपल कंपनीच्या १९८३ सालच्या लिसा संगणकांत कचऱ्याच्या टोपलीचें चित्र होतें. टाकलेला कागद त्या टोपलींतून परत काढतां येत असे. १९८४ च्या मॅकिंटॉशनें व १९९५ च्या विंडोज प्रणालीनें ती कल्पना घरोघर नेली. आयपॅडवर २०१४ पासून काढलेलीं चित्रें ‘अलीकडे काढलेलीं’ या वेगळ्या संग्रहांत ३० दिवसांपर्यंत राहतात. व्हॉट्सॲपमध्यें ‘सर्वांसाठीं काढा’ च्या ऐवजीं ‘माझ्यासाठीं काढा’ दाबलें जाऊन फजिती झाल्याचा अनुभव पुष्कळ पालकांस असेल. त्यावर २०२२ सालीं त्या कंपनीनें जो उपाय केला, तो आणखी एक प्रश्न घालण्याचा नव्हता. काढल्यानंतर ५ सेकंद ‘परत आणा’ अशी एक पट्टी खालीं दिसते, एवढेंच. ज्यास काढावयाचेंच होतें, त्यास अडथळा नाहीं. ज्याची चूक झाली, त्यास वाट आहे. मनुष्यास आपली चूक ती करण्यापूर्वीं क्वचितच दिसते. केल्यानंतर मात्र तत्काळ दिसते. म्हणून मदत चुकीच्या अलीकडे उभी करण्यापेक्षां पलीकडे उभी करावी, हें शहाणपणाचें.

ही कल्पना परदेशांतूनच आली पाहिजे होती असें मात्र कोणीं समजूं नये. आमच्या जुन्या पेढींवरचा मुनीम रोजकीर्दींत चुकलेली रक्कम खरवडून काढीत नसे; तिच्यावर एक रेघ मारून बाजूस खरी रक्कम लिहीत असे, म्हणजे मूळचा आंकडाही वाचतां येई. शेताच्या सातबारा उताऱ्यावर ज्याचा हक्क कमी झाला, त्याचें नांव पुसत नाहींत, त्यास कंस करितात. नांव कंसांत गेलें, म्हणजे तें आतां लागू नाहीं. पण तें होतें, याची खूण राहते. इतकेंच नव्हे, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें फेरफाराची नोंद कायम करण्यापूर्वीं संबंधितांस नोटीस देऊन हरकतीसाठीं १५ दिवसांची मुदत ठेवावी लागते. आज संगणकशास्त्रांत जिला मोठें कौतुकानें ‘सौम्य पुसणें’ म्हणतात, ती रीत आमच्या महसुली दप्तरांत कधींचीच आहे.

हीच दृष्टि शेतकऱ्यांच्या एका ॲपमध्यें दिसून येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ हें ॲप राज्यभर सुरू झालें. शेतकऱ्यानें आपल्या शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र काढून, आपणच नोंद करावयाची. पहिल्या वर्षाच्या अनुभवानंतर २०२२ सालीं जी सुधारलेली आवृत्ति आली, तींत नोंद केल्यापासून ४८ तासांच्या आंत ती एकदां दुरुस्त करण्याची सोय शेतकऱ्यास मिळाली. शेतकऱ्याची नोंद खरी धरावयाची, आणि त्यांपैकीं निदान १० टक्के नोंदी अधिकाऱ्यांनीं तपासावयाच्या, असेंही ठरलें. बांधावर उभें राहून, उन्हांत न दिसणाऱ्या काचेवर, मातीच्या बोटांनीं कपाशीच्या जागीं तूर दाबली गेली, तर ती चूक सावरावयास दोन दिवस आहेत. हें दहा वेळां ‘खात्री आहे का?’ असें विचारण्यापेक्षां किती तरी अधिक माणुसकीचें आहे.

तथापि कांहीं गोष्टी खरोखरच परत आणतां येत नाहींत. टोपली कायमची रिकामी करणें, आपलें सबंध खातें बंद करणें, दुसऱ्याच्या नोंदी नाहींशा करणें, या जागीं प्रश्न घातलाच पाहिजे. आणि इतरत्र तो घातला नसेल, तरच येथें तो ऐकूं येईल. आतां तो कसा घालावा, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, प्रश्नानें वाचणाऱ्यास ठाऊक नसलेलें कांहीं तरी सांगितलें पाहिजे. ‘तुम्हांला खात्री आहे का? होय / नाहीं’ या वाक्यांत काय जाणार, किती जाणार, परत येणार कीं नाहीं, यांतील एकही गोष्ट नाहीं. त्याऐवजीं असें लिहावें: ‘शिंगणापूर सहल या संग्रहांतील ६४ चित्रें काढावयाचीं काय? तीं परत मिळणार नाहींत.’ आमच्या विद्यार्थ्याच्या मनांत सहा हा आंकडा होता. समोर चौसष्ट दिसते, तर त्याचें बोट तेथेंच थांबलें असतें. आंकडा आणि नांव हींच खरीं पहारेकरी. ‘खात्री’ हा शब्द झोंपलेला पहारेकरी होय.

दुसरी गोष्ट, बटणावर ‘होय’ किंवा ‘ठीक आहे’ न लिहितां प्रत्यक्ष क्रिया लिहावी. एकावर ‘६४ चित्रें काढा’, दुसऱ्यावर ‘राहूं द्या’. म्हणजे वरचें वाक्य कोणीं वाचलें नाहीं, तरी बोटाखालचे शब्द तरी वाचले जातील.

तिसरी गोष्ट मराठीपुरती विशेष आहे. इंग्रजी शब्दाचें भाषांतर म्हणून प्रश्नाच्या एका बटणावर ‘रद्द करा’ असें लिहितात. आतां, ‘नोंदणी रद्द करावयाची काय?’ असा प्रश्न असेल, आणि खालीं ‘रद्द करा’ व ‘ठीक आहे’ अशीं दोन बटणें असतील, तर बिचाऱ्यानें काय दाबावें? ‘रद्द करा’ म्हणजे नोंदणी रद्द करा, कीं रद्द करणें रद्द करा? नकारार्थी प्रश्नाचीही हीच गत. ‘बदल ठेवावयाचे नाहींत काय?’ यास ‘होय’ म्हटलें, तर एकजण ‘होय, ठेवावयाचे’ असें समजेल, दुसरा ‘होय, ठेवावयाचे नाहींत’ असें. म्हणून प्रश्न नेहमीं सरळ असावा, आणि आधीं मराठींत विचार करून लिहिलेला असावा. भाषेचा प्रश्न लहान नव्हे. २०२१ सालीं महाराष्ट्रांतील अंगणवाडी सेविकांनीं शासनानें दिलेले मोबाइल परत केले, तेव्हां त्यांच्या तक्रारींपैकीं एक, ‘पोषण ट्रॅकर’ हें ॲप इंग्रजींत आहे, ही होती. पुढें तें भारतीय भाषांतही उपलब्ध झालें. जो प्रश्न समजत नाहीं, त्यास दिलेलें उत्तर हें उत्तरच नव्हे.

चौथी गोष्ट टॅब्लेटच्या घडणीची आहे. त्यावर उंदराचा बाण नाहीं. बोटाचें टोंक जाड असतें, आणि तें ज्यास लागतें, त्यासच झांकून टाकतें. म्हणून दाबावयाची जागा निदान ९ मिलिमीटर रुंद व तितकीच उंच असावी, असा अँड्रॉइडच्या रचनाकारांचा संकेत आहे. ‘काढा’ व ‘राहूं द्या’ हीं बटणें एकमेकांस चिकटून नसावीं. जेथें पहिलें बोट पडलें, नेमकें त्याच जागीं ‘काढा’ हें दुसरें बटण उमटूं नये. नाहीं तर घाईनें दोनदां लागलेलें बोट प्रश्न दिसण्यापूर्वींच उत्तर देऊन मोकळें होतें. टॅब्लेट दोन्ही हातांनीं धरतात, तेव्हां आंगठे काचेच्या कडांवर येतात. घातक बटण तेथें ठेवूं नये. लाल रंग जरूर द्यावा, पण लाल-हिरवा भेद न कळणारे लोकही असतात, म्हणून भिस्त शब्दांवर ठेवावी, रंगावर नव्हे.

पांचवी गोष्ट, फारच मोठें नुकसान संभवत असेल, तर बोटाऐवजीं बुद्धीस काम द्यावें. गिटहब या संकेतस्थळावर एखादा प्रकल्प कायमचा काढावयाचा असल्यास त्याचें नांव स्वतः लिहावें लागतें. आपण धनादेशावर रक्कम आंकड्यांत लिहून पुन्हां अक्षरीं लिहितों, त्यांतही हाच हेतु आहे. आणि दोहोंत फरक पडल्यास अक्षरीं लिहिलेली रक्कम खरी धरावी, असें १८८१ चा कायदा सांगतो. अक्षरें लिहितांना मन जागें असतें, हें त्या काळच्या कायदेपंडितांसही ठाऊक असावें. परंतु हा उपाय वर्षांतून एखाद्या वेळेसाठीं ठेवावा. रोज नांव लिहावयास लावलें, तर तेंही हात आपोआप लिहूं लागेल.

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो खरा आहे. सर्वच पुसलेलें मागें राहूं लागलें, तर ज्यास खरेंच पुसून टाकावयाचें आहे, त्यानें काय करावें? एकच टॅब्लेट घरांतील चार भावंडें वापरतात. एकीनें लिहून काढून टाकलेलें मनोगत दुसऱ्यानें टोपलींतून उघडून वाचलें, तर ती सोय नव्हे, तो छळ झाला. ज्या घरास दार नाहीं, तेथेंही पडदा असतोच. म्हणून टोपलीजवळ ‘आतांच कायमचें पुसा’ अशीही वाट असली पाहिजे, आणि तिच्यावर योग्य तो प्रश्न असला पाहिजे. आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेंही मान्य केला आहे. सावरण्याची सोय मालकासाठीं असावी. शेजाऱ्यास डोकावण्यासाठीं नसावी.

शिंगणापुराविषयींही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीं तर आम्हीं अर्धेंच चित्र काढलें असें होईल. दारें नाहींत म्हणून तेथें केवळ विश्वासावर सर्व चालतें, असें नाहीं. शेजाऱ्याची नजर आहे, गांवाची लाज आहे. यात्रेकरू वाढले, २०१० नंतर चोरीच्या कांहीं तक्रारीही झाल्या, आणि २०१५ सालीं गांवांत पोलीस ठाणें आलें. म्हणजे मनुष्य विश्वास ठेवून दार काढतो, तेव्हां त्यास दुसरी कांहीं राखण उभी करावी लागते. ॲप रचणाऱ्यासही तेंच लागू आहे. प्रश्न काढून टाकावा, पण त्याच्या जागीं टोपली, मुदत व परतीची वाट हीं ठेवल्यावांचून काढूं नये.

आतां त्या मुलाची हकीकत पुरी करितों. चित्रांच्या ॲपमध्यें ‘अलीकडे काढलेलीं’ हा संग्रह होता. त्यांतून चौसष्टही चित्रें परत मिळाली, आणि बसमध्यें एकच आनंद झाला. ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्यें तशी सोय नव्हती. त्यांत फक्त प्रश्न होता. जें गेलें, तें गेलें. पुढील महिन्यांत आम्ही त्या मुलास घेऊन पुन्हां शिंगणापूरास गेलों. आजींनीं ओळखलें, चहा दिला, फळीची गोष्टही पुन्हां सांगितली. ओव्यांविषयीं मुलानें भीत भीत विचारलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, “एकदा म्हणली ती म्हणली, बाळा. तसं मन लागल्याबिगर म्हणता येत नाही.”

येतांना मुलगा फारसा बोलला नाहीं. आतां तो व त्याचे दोन मित्र मिळून शाळेच्या ग्रंथालयासाठीं एक लहानसें ॲप रचीत आहेत. त्यांत पुस्तकाची नोंद काढली, कीं ती पुसली जात नाहीं; ती ३० दिवस कंसांत राहते. आणि कायमची काढावयाची झाल्यास जो प्रश्न येतो, तो त्यानें स्वतः लिहिला आहे. त्यांत पुस्तकाचें नांव आहे, प्रतींची संख्या आहे, आणि ‘खात्री’ हा शब्द नाहीं. खालीं दोन बटणें आहेत, आणि त्यांतील मोठें बटण ‘राहूं द्या’ हें आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एक दिवस आपल्या टॅब्लेटनें किती वेळां विचारलें आणि आपण किती वेळां वाचलें, हें मोजून पाहावें. पालकांनीं आजच आपल्या यंत्रांत टोपली कोठें आहे व ती किती दिवस राखते, हें शोधून ठेवावें. गरज पडल्यावर शोधणें कठीण जातें. आणि जे पुढें अशीं यंत्रें घडवितील, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं मनुष्य चुकणारच. त्यास पुनःपुन्हां पुसून बेजार करण्यापेक्षां, चुकल्यावर परत येण्यास वाट मोकळी ठेवणें, हीच त्याची खरी राखण होय.